मफलर, टोप्या, हातमोजे, शाली: तुम्ही काय घेतलं, रोज काय घालता? अनुभव सांगा

थंडी पडली की माझं दरवर्षी एकच होतं, जाड कोट एकच, तोच रोज, म्हणजे जे काही वेगळं दिसायचं ते मफलर, टोपी, हातमोजे, मोजे आणि बूट यांच्यातूनच. म्हणून हे सगळं मी हौसेने घेत गेले आणि घेताना बघितला फक्त रंग. परवा खण रिकामा केला तर सात मफलर निघाले आणि रोज गळ्यात असतो तो एकच, राखाडी, मऊ, कडेला बारीक मरून रेघ असलेला. बाकीचे सहा का पडून राहिले म्हणून एकेक हातात घेऊन बघितलं. एक टोचतो, एक इतका जाड की गाठ मारली की हनुवटीखाली गाठोडं होतं, एक काळ्या कोटावर पांढरे तंतू सोडतो, एकाचे गोंडे पर्सच्या चेनमध्ये अडकतात, एक दोन फेरे घ्यायला पुरत नाही, आणि सहावा दिसायला सुंदर पण जाळीदार, वारा थेट आत. सगळे दिसायला छानच आहेत हो, पण गळ्याशी काय करतील ते मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी घेण्याआधी एकच विचारते, ही वस्तू माझी कुठली फट बुजवणार? कारण मला थंडी वाजते ती कोटाखाली नाही, कॉलरपाशी, बाही संपते तिथे, घोट्यापाशी आणि कानापाशी. फट ठरली की मग रंग, पोत, नखरे सगळं बघायला मोकळी.

तुमचं कसं आहे? काय घेतलंत, काय वर्षानुवर्षं टिकलं, काय वाया गेलं? सविस्तर लिहा, सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

*

मी गेली पंचवीस वर्षं विणते, त्यामुळे ताई, तुमच्या टोचणाऱ्या मफलरबद्दल आधी सांगते. लोकर टोचते ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, तंतूच्या जाडीमुळे टोचते. साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) वरचा तंतू त्वचेवर वाकत नाही, टोकाने रुततो. मेरिनो मेंढीची लोकर बहुतेक करून 17 ते 22 च्या आसपास, पश्मिना त्याहून बारीक, 12 ते 16, म्हणून ती गळ्यावर आहे हेही कळत नाही. पण लेबलवर मायक्रॉन दर वेळी लिहिलेले नसतात, मग सोपा उपाय म्हणजे दुकानात मफलर तळहाताने चाचपू नका, तळहात राठ असतो, त्याला काही कळत नाही. मानेला, कानाच्या मागे लावा आणि दोन मिनिटं तसाच ठेवा. तिथे चालला तर दिवसभर चालेल.

दुसरं म्हणजे वीण बघा. दोन सुलट दोन उलट अशी उभ्या पट्ट्यांची वीण असते ना, ती ताणली जाते आणि परत जागेवर येते, आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे मफलर कसाही गुंडाळला तरी उलटी बाजू बाहेर आली असं होत नाही. नुसत्या सुलट विणीचा मफलर कडांनी आत वळतो आणि त्याची सुरळी होते, कितीही इस्त्री करा. टोपीच्या कडेला आणि हातमोज्याच्या मनगटाला ही पट्ट्यांची वीण नसेल तर मी घेतच नाही, चार धुण्यांत ढगळ होतं ते.

लांबीचं म्हणाल तर 180 सेंटीमीटरच्या आसपास आणि रुंदी 30 च्या आसपास, यात मध्यम उंचीच्या माणसाला दुमडून फासासारखा घालता येतो, दोन फेरेही होतात. आणि लोकर गरम पाण्यात घालून घासू नका, कृपा करून नका. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, उष्णता आणि घर्षणाने ते एकमेकांत अडकतात आणि मफलरचा नमदा, म्हणजे आटलेला घट्ट गोळा होतो, तो परत उलगडत नाही. कोमट पाणी, दाबून धुणं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि आडवं पसरून वाळवायचं.

*

चष्मा असणाऱ्यांसाठी छोटंसं. मफलर नाकावर घेतला की श्वास वर जातो आणि काचा धुरकटतात. मी मफलर नाकाच्या खाली, हनुवटीच्या वर एवढाच घेते आणि वरची कड आतल्या बाजूने दुमडते म्हणजे श्वास खाली जातो. पूर्ण थांबत नाही पण रस्ता दिसतो. आणि कानावरून जाणारे इअरमफ चष्म्याच्या काड्यांवर दाबतात, तासाभरात कानामागे ठणकायला लागतं, त्यापेक्षा रुंद लोकरी पट्टा बरा.

*

मी रोज सकाळी बाईकवर चाळीस मिनिटं जातो त्यामुळे हातमोज्यांचे सगळे प्रयोग करून झालेत. पहिले घेतले ते विणलेले, दिसायला झकास, पण विणीच्या भोकांतून वारा असा शिरायचा की दहा मिनिटांत बोटं बधिर आणि ब्रेक दाबला तरी दाबलाय का ते कळेना, हे धोक्याचं आहे, गाडी चालवणाऱ्यांनी नुसत्या विणलेल्यांच्या भानगडीत पडूच नये. मग घेतले लेदरचे, आत पातळ लोकरीचं अस्तर, तेव्हापासून त्यातच आहे. लेदर वारा अडवतं, अस्तर ऊब धरतं, दोघांची कामं वेगळी.

मापाचं नीट ऐका. अंगठा सोडून बोटांच्या सांध्यांवरून तळव्याभोवती टेप फिरवायची, ते माप. लेदर वापराने थोडं सैल पडतं म्हणून नवीन असताना अंगाबरोबर पाहिजे, पण बोटांच्या टोकाशी दाबलं जाता कामा नये, तिथे हवा राहिली नाही तर ऊब पण राहत नाही. मूठ वळून बघा, वळताना सांध्यावर शिवण ताणली तर एक नंबर वरचा घ्या. आणि मनगटाची कड लांब पाहिजे, बाहीच्या आत जाईल इतकी, ताई म्हणतात ती फट इथेच असते, वारा तिथून कोपरापर्यंत जातो.

फोनसाठी बोटाच्या टोकाला चमकदार धागा असलेले मोजे मिळतात, त्या धाग्यात चांदी किंवा तांब्यासारखा वीज वाहणारा पदार्थ असतो म्हणून स्क्रीनला बोट कळतं. एका जोडीत तो धागा फक्त वरवर शिवलेला होता, काही धुण्यांनंतर काम बंद. आत बोटाला टेकणारा पाहिजे, मोजा उलटा करून बघा. पावसात लेदर भिजलं तर हीटरजवळ ठेवू नका, कडक होऊन तडकतं, सावलीत हळूहळू वाळू द्या.

*

थंडीत माझी बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाली की लाल होऊन झणझणतात. बरीच वर्षं मी ते अंगावर काढलं, डॉक्टरांनी बघितल्यावर त्याला रेनॉड म्हणतात हे कळलं. कुणाला असं होत असेल तर आधी दाखवून या, मोज्यांची खरेदी नंतर. माझ्या बाबतीत फरक पडला तो बोटं वेगळी नसलेल्या मोज्यांनी, म्हणजे अंगठा एकीकडे आणि चारी बोटं एकत्र. बोटं एकमेकांना ऊब देतात, पाच बोटी मोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं. हे लहान मुलांसारखे दिसतात म्हणून मी टाळत होतो, पण गडद निळ्या लेदरमध्ये मिळाले आणि ते कोटावर खरंच रुबाबदार दिसतात.

ऑफिसमध्ये टाइप करताना मात्र मनगटपट्ट्या, बोटं मोकळी, मनगट ते तळव्याचा अर्धा भाग झाकलेला. मनगटाशी रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. हे बहिणीने विणून दिलेत, शर्टाच्या कफखालून एक बोटभर दिसतात आणि चार जणांनी कुठून घेतले म्हणून विचारलंय.

*

टोपीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते हे मी लहानपणापासून ऐकत आले, ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते, 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वैद्यकीय गैरसमजांवर लेख आला होता त्यात हेही होतं. तरीही मी टोपीशिवाय बाहेर पडत नाही, कारण बाकी अंग झाकलेलं असताना उघडं ते डोकंच असतं, आणि कान दुखायला लागले की मला दुसरं काही सुचत नाही.

माझे केस कुरळे आहेत. लोकरी टोपी काढली की वरचे केस चपटे आणि खालचे पिंजारलेले, शिवाय ॲक्रिलिकची असेल तर कोरड्या हवेत केस चिकटून उभे राहतात. उपाय म्हणजे आतून सॅटिनचं अस्तर. विकतची मिळाली नाही तर आपणच शिवायचं, मी जुन्या उशीच्या अभ्र्यातून गोल कापून हाताने टाके घातले, टाके सैल ठेवायचे म्हणजे टोपी ताणली तरी उसवत नाही. दोन वर्षं झाली, अजून जागच्या जागी आहे.

दिसण्याचं म्हणाल तर चेहरा गोल असेल तर डोक्याला घट्ट चिकटणारी टोपी घेऊ नका, माथ्यावर थोडी सैल आणि कपाळावरून जरा मागे, दोन बटा बाहेर. कड दुमडायची म्हणजे कानावर दुहेरी लोकर येते, ऊब पण आणि चेहऱ्याला चौकट पण.

*

लहान मुलांच्या आयांनो आणि बाबांनो, मुलांना लांब मफलर घालून खेळायला सोडू नका. आमच्या धाकट्याचा मफलर घसरगुंडीच्या कठड्यात अडकला, मी दोन पावलांवर होते म्हणून निभावलं, अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. तेव्हापासून डोक्यातून घालायचा गोल गळपट्टाच, टोक नाही, गाठ नाही, सुटायची भीती नाही. हातमोजे हरवू नयेत म्हणून दोन्हींना जोडणारी दोरी मानेवरून जायची ती पण काढली, त्याऐवजी बाहीला क्लिप लावते.

*

पायांकडे या आता. दोन दोन मोजे घालून बूट घट्ट बसवणारे बरेच असतील, मी पण तेच करायचो आणि पाय बर्फासारखे. ऊब देते ती मोज्यात अडकलेली हवा, बूट आवळला की हवा दाबली जाते आणि रक्तपण नीट फिरत नाही. आता एकच लोकरी मोजा आणि बूट अर्धा नंबर मोठा, बोटं आत हलवता आली पाहिजेत. सुती मोजे थंडीसाठी ठेवूच नका, घामाने ओले होतात आणि ओलेच राहतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा घेते तरी हाताला ओली लागत नाही.

बाकी सगळे कपडे काळे राखाडी असले तरी मोजे मात्र मी रंगीत घेतो, मोहरीसारखा पिवळा, विटकरी. बसल्यावर पॅंट वर सरकते आणि तेवढीच एक रेघ दिसते, मला फार आवडतं ते.

*

आम्ही बर्फ पडणाऱ्या भागात राहतो, त्यामुळे माझ्या यादीत गॉगल पहिला. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून मारा. पहिल्या हिवाळ्यात नुसत्या गडद काचेचा फॅशनचा घेतला होता, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल तर उलट जास्त आत जातात. यूव्ही 400, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलेलं बघून घ्या, रंग मग कुठलाही असो.

*

रंग आणि शालींबद्दल. कोट काळा किंवा नेव्ही असेल तर चेहऱ्याजवळ काय आहे तेच डोळ्यांत भरतं. काळा मफलर मला म्हातारं करायचा, मरून आणि गडद हिरवा घातला की लगेच चेहरा उजळतो, आरशासमोर दिवसा उजेडात दोन रंग आलटून पालटून धरा, ताबडतोब कळतं. मी टोपी आणि हातमोजे एका रंगाचे घेते आणि मफलर वेगळा. तिन्ही सेटमधले असले की मला ते युनिफॉर्मसारखं वाटतं, पण हे माझं मत.

शाल खांद्यावरून घसरते म्हणून घालत नाही असं खूप जणी म्हणतात. मोठा ब्रोच लावा, पण पिन थेट शालीत नको, आतून फेल्टचा छोटा तुकडा ठेवून त्यातून टोचा, नाहीतर बारीक विणीची भोकं मोठी होत जातात. पातळ रुंद पट्टा कमरेला शालीवरून बांधला तरी सुरेख दिसतं आणि दोन्ही हात मोकळे.

*

आणि ठेवताना? माझी आईची शाल कसरीने खाल्ली, घडी उघडली तर घडीच्या रेषेवर ओळीने भोकं, रडू आलं मला. तेव्हा वाचून काढलं की उडणारा पतंग खात नाही, अळी खाते, आणि घामाचा, जेवणाचा डाग असलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून मोसम संपला की धुऊनच ठेवायचं, न धुता कधीच नाही. शंका असेल तर पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 ला आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लोकरीवर पाणी सुटतं. ती शाल मी फेकली नाही, भोकांवर त्याच रंगाच्या धाग्याने रफू करून घेतलंय, हात फिरवला तरच कळतं.

*

मला वाटतं एक गोष्ट राहिली. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो आणि आपण सगळे काळे कोट, काळ्या टोप्या. संध्याकाळी ऑफिसमधून चालत येताना एक गाडी माझ्या अगदी जवळ येऊन थांबली, चालवणाऱ्याला मी दिसलेच नव्हते. आता मी चमकणारा धागा विणलेली टोपी वापरते. दिवसा ती साधी राखाडी दिसते, पण हेडलाइट पडला की पांढरी होते, त्यातले काचेचे बारीक मणी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. तशीच पट्टी बॅगेच्या बंदाला आणि डाव्या मनगटपट्टीवर शिवलीय, कारण चालताना हात हलतो आणि हलणारं लवकर लक्षात येतं. घरी दिवा मालवून, डोळ्यांजवळ टॉर्च धरून आरशात बघा, किती दिसता ते.