प्रतिसाद: १२ पैकी १२ मार्कर जुळले म्हणजे एकच घराणं का?

भाऊ, तुम्ही वर लिहिलं की तुमचं आन शेजारच्या गावातल्या त्याच आडनावाच्या माणसाचं वाय-डीएनए टेस्टीत (वाय म्हंजे फक्त बापाकडून पोराकडं जाणारं गुणसूत्र) १२ पैकी १२ मार्कर जुळले, दोघंही आर१ए (बापाकडच्या वंशाची एक मोठी शाखा), म्हंजे मूळ पुरुष एकच. बाप्पा, एवढी घाई नका करू. १२ मार्कर लय कमी होतात, आन मार्कर म्हंजे डीएनएतला एक तुकडा किती वेळा परत येतो त्याची गिनती, ती मागे-पुढे होत राहते, त्यामुळं हजारो वर्षांआधी वेगळ्या झालेल्या फांद्याबी योगायोगानं सारख्या दिसू शकतात. आर१ए तर आपल्याकडं ढिगानं सापडते, पोलंड-रशियातबी आहे, फक्त तिकडची मुख्य फांदी वेगळी, आपली बहुतेक झेड९३ नावाच्या उपशाखेखालची. खरी फांदी कळते ते एसएनपीवरून, म्हंजे डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलावरून, तो बदल एकदा झाला की बापाकडून पोराकडं तसाच जातो, सहसा पुसत नाही. म्हणून दोघांनी आधी १११ मार्कर करा, जवळ आले तरच एसएनपी पाहणाऱ्या मोठ्या टेस्टचा खर्च करा.

आन आडनावावर तर जाऊच नका, आमच्याच घरात पणजोबा दत्तक आलेले, बहिणीचा पोरगा, म्हंजे आडनाव एक आन वाय दुसऱ्याच घराण्याचा! हे मले तहसीलातून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल काढली तेव्हा कळलं, अर्धी मोडीत होती, वाचणारा शोधता शोधता दोन महिने गेले. तुम्हीबी ते आधी पाहा, स्वस्तात काम होते. आन दहा पिढ्या मागं १०२४ पूर्वज बसतात, वाय त्यातल्या एकाचाच पत्ता देते. त्या शेजारच्या गावातल्या भाऊचा १११ मार्करचा निकाल आला का सांगजा.