'आपण' म्हणजे नक्की कोण?

एका पुरवठादाराला मी ई-मेलमध्ये लिहिलं, 'वाहतुकीचा खर्च आपण भरायचा आहे.' मला म्हणायचं होतं, त्यांनी भरायचा. त्यांनी वाचलं, दोघांनी मिळून. माल आला, बिलात निम्मं भाडं आमच्या नावावर. फोन केला तर म्हणाले, 'तुम्हीच लिहिलंय की साहेब, आपण!' मेल काढून पुन्हा वाचला. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तर कामकाजाच्या पत्रात आदरार्थी 'आपण' वापरावं का? 'तुम्ही' लिहिलं तर उद्धट वाटतं का?

प्रतिसाद :
दोष 'आपण'चा अर्धाच, उरलेला क्रियापदाचा. 'आपण आलात' म्हटलं की समोरचा, 'आपण आलो' म्हटलं की सगळे. शंकेला जागाच नाही. 'आपण भरायचा आहे' यात मात्र क्रियापद खर्चाच्या मागे जातं, कर्त्याकडे बघतसुद्धा नाही. 'आपण यावे', 'आपण कळवावे' यांचीही तीच गत, पण तिथे संदर्भ सांभाळून घेतो. पैशाच्या वाक्यात संदर्भावर विसंबू नये. आणखी एक: 'आपण सांगितलंत' यातला शेवटचा 'त' हल्ली बोलताना गळतो, आता लिहितानाही. त्या एका 'त'वर केवढं काम होतं!

मूळ शब्द संस्कृत 'आत्मन्', प्राकृतात 'अप्पण', म्हणजे स्वतः. हिंदीतलं 'आप' त्याच घरचं. पण हिंदीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना 'हम'च, त्यामुळे 'आप' आदरासाठी मोकळं राहिलं. गुजरातीत 'अमे' वेगळं, 'आपणे' वेगळं, आणि आदराला 'तमे' किंवा 'आप'. तेही सुटले. आपण मराठी लोकांनी मात्र (हे 'आपण' सर्वांना धरून) एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली.

प्रतिसाद :
दोन नाही, तीन. आमच्या बाजारात 'आपण' म्हणजे मी. 'आपल्याला नाही परवडत शेठ' असं व्यापारी म्हणतो तेव्हा परवडत फक्त त्याला नसतं. वर गिऱ्हाइकाला 'आपलंच दुकान आहे, घेऊन जा'. हे 'आपलंच' बिल हातात पडेपर्यंत टिकतं.

प्रतिसाद :
'आपण'चं निस्तरता येईल हो, बायकांच्या नावाआधी काय लावायचं ते कुणीतरी सांगा. सरकारी पत्रात सरसकट 'श्रीमती' असतं. पण आपल्याकडे घरोघरी 'श्रीमती' विधवेच्या नावाआधी लावायची रीत होती, त्यामुळे जुन्या पिढीतली बाई ते पाकीट बघून चरकते. माझ्या सासूबाई अजूनही बँकेच्या पत्रावर पेनने 'सौ.' करतात. ऑफिसात 'सौ.' लिहावं तर माझं लग्न झालंय की नाही याच्याशी कोटेशनचा काय संबंध?

'बाई'चंही तसंच. शाळेत 'बाई' म्हणजे दरारा. तोच शब्द ऑफिसात कुणी वापरला तर 'आज बाई आली नाही' आठवतं. म्हणून सगळ्या जणी मॅडम. निदान त्यात वय, लग्न, वैधव्य काही विचारलेलं नसतं. मला तरी तो परका शब्द सोयीचा वाटतो.

प्रतिसाद :
मूळ प्रश्नाकडे येतो. 'तुम्ही' उद्धट नाही. आमच्या घरी वडिलांना 'तुम्ही', आईला 'तू', आणि विठोबालाही 'तू'च. म्हणजे आदर सर्वनामातच असतो असंही नाही. पत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी 'आपण' ठेवा ('आपले पत्र मिळाले', 'आपला विश्वासू'). मधे जिथे पैसे, तारीख, जबाबदारी येते तिथे 'तुम्ही' आणि 'आम्ही'. निविदेत तर सरळ 'खर्च पुरवठादाराने भरावा' असतं, कुणी रागावत नाही.

मूळ लेखक :
पटलं. काल त्याच पुरवठादाराला नवी ऑर्डर पाठवली, त्यात लिहिलं, 'वाहतुकीचा खर्च तुम्ही भरायचा आहे.' दहा मिनिटांत फोन आला. 'भरतो की. पण साहेब, गेल्या वेळचं मनात ठेवलंत का? एकदम तुम्हीवर आलात!'