पणजीतले छोटे बार

पणजीत निवांत बसायला जागाच उरली नाही, सगळं कॅसिनोवाल्यांचं झालंय, असं काही जण म्हणतात. मांडवीच्या काठापुरतं मान्य. पण फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या भागात ३१ जानेवारी रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत शिरा, चार-पाच टेबलांचे जुने बार अजून आहेत. फक्त बरेचसे दुपारी बंद असतात, संध्याकाळीच निघा.

आणि मार्च ते मे असेल तर फेणी नको, हुर्राक मागा. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिल्या धारेची दारू, फेणीपेक्षा सौम्य आणि मोसमापुरतीच. गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका बारच्या गल्ल्यावर बसलेल्या काकांनी ग्लासात लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं, उभी चिरलेली हिरवी मिरची सोडली आणि वरून लिम्का ओतला. काय वास सुटला होता! दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच गेलो.