गोदामात पोती भरली की वायफाय गायब, काय करावं?

हळद_आणि_हिशोब:
नमस्कार मंडळी, सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं हळदीचं गोदाम आहे, अंदाजे ४० बाय १०० फूट, वर पत्रा, एका टोकाला ऑफिसची केबिन आणि तिथंच फायबरचा राऊटर. दिवाळीच्या सुमारास बसवला तेव्हा गोदाम रिकामंच होतं, पार मागच्या शटरपर्यंत व्हिडिओ कॉल चालायचा, मी पण खूश. फेब्रुवारीपासून आवक सुरू झाली, थप्प्या वर चढल्या आणि आता अर्ध्यात गेलं की स्टॉकचं ॲप नुसतं गोल गोल फिरतंय. पोरगा लॉटचं लेबल स्कॅन करतो आणि पळत केबिनच्या दारात येतो, तिथं रेंज आली की एंट्री जाते, दिवसातनं शंभरदा. मग मी १८०० चा रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढं ढकलणारा डबा, आणून मधल्या खांबाला लावला, तर फोनवर काड्या फुल्ल आणि स्पीड तसाच रडका. दुकानदार म्हणतोय सहा अँटेनावाला मोठा राऊटर घ्या. घेऊ का? की परत पैसे पाण्यात?

नेट_दुरुस्ती_मिरज:
नका घेऊ दादा. राऊटर कितीबी जोरात ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच बारीक, त्यो राऊटरपर्यंत परत पोचायला पाहिजे ना. आणि तुमच्या काड्या फुल्ल दिसतात त्या रिपीटरच्या आहेत, रिपीटरला मागनं काय मिळतंय ते त्या काड्या सांगत नाहीत. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुढं बोलतो, म्हणजे स्पीड तिथंच निम्म्यावर येतो, त्यात तुम्ही तो लावलाय जिथं मूळ सिग्नलच मेलेला. खात्री करायची तर रिपीटरला चिकटून स्पीड टेस्ट करा, मग केबिनमध्ये करा, आकडे बघा.

दिवाळीत चालत होतं आणि आता नाही, याचं कारण तुमचा मालच आहे. हळद वाळलेली असली तरी थोडा ओलावा असतोच आणि पाणी हा सिग्नल खातं, त्यात एकामागं एक आठ-दहा थप्प्या म्हणजे भिंतच की. तुम्ही टेस्ट रिकाम्या गोदामात केली, तिथंच फसलात.

द्राक्ष_बेदाणा_तासगाव:
आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, आमची तर अजून गंमत. भिंती फोमच्या पॅनेलच्या पण दोन्ही बाजूनं पत्रा, दार लावलं की आत मोबाईलची रेंजसुद्धा शून्य. शेवटी आत वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबल जोडून वायफाय देणारा डबा, लावावाच लागला, तोही थंडीत चालणारा बघून घ्यावा लागला, कारण ऑफिसात लावायचे बरेच डबे शून्य डिग्रीच्या खाली चालवू नका असं त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. हळदवाल्यांना हा त्रास नाही, नशीबवान आहात 😄

कृष्णाकाठ:
हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, हळद ठेवायचे तेव्हा बरं होतं, जमिनीखाली रेंजचा विषयच नाही. २००५ च्या पुरात पेवं गेली आणि हे राऊटरचं झंगट मागं लागलं.

नेट_दुरुस्ती_मिरज:
😂 बरं, हळदवाले दादा, मुद्द्याचं ऐका. केबिनमधनं कॅट सिक्स केबल (नेटची वायर) मधल्या बोळापर्यंत न्या, १०० मीटरच्या आत काहीच अडचण नाही, तुमचं तर ३०-३५ मीटरमध्ये भागतंय. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात मिळते पण तिच्यातनं पीओईनं वीज पाठवायची तर ती दगा देते. पीओई म्हणजे त्याच केबलमधनं डब्याला वीज, वर प्लग पॉइंट काढायला नको. असे दोन ॲक्सेस पॉइंट, एक मध्यावर आणि एक मागच्या शटरजवळ, दोन्ही बोळाच्या बरोबर वर, थप्पीच्या डोक्यापेक्षा उंच पण पत्र्याला किंवा छताच्या लोखंडी कैचीला चिकटवून नाही, दोन-अडीच फूट खाली लोंबकळता ठेवा. लोकं हीच चूक करतात, पत्र्याच्या कुशीत डबा ठोकतात आणि मग कंपनीला शिव्या.

दोन्हींना नाव-पासवर्ड एकच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ११, केबिनचा राऊटर ६ वर, म्हणजे एकमेकांत घुसत नाहीत, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा स्पीड जास्त पण पोत्यापलीकडं तो जातच नाही, तुमच्या स्कॅनिंगला २.४ बास. पॉवर मिडियम करा, फुल्ल ठेवली तर फोन लांबच्या डब्याला धरून बसतो, जवळचा सोडून.

हळद_आणि_हिशोब:
खरेदीच्या आधी एकदा बघू म्हटलं. घरात जुना राऊटर पडून होता, त्याचा डीएचसीपी (फोनना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद केला, आयपी (त्याचा स्वतःचा पत्ता) बदलला, केबल लॅन पोर्टात घातली, शिडीच्या घोड्यावर चढून सुतळीनं बोळाच्या मधोमध टांगला. हमाल म्हणाले, मालक कंदील लावताय का. पण मागच्या थप्पीजवळ आधी सिग्नल उणे ८४ डीबीएम यायचं ते आता उणे ६३ (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), आणि लेबल उभ्या उभ्या सिंक! एक शंका राहिली, पलीकडच्या प्लॉटवर दुसरं गोदाम आहे, तिकडं पण हीच केबल बाहेरनं ओढू का? आपल्याकडं वळवाच्या विजा कशा असतात माहीतच आहे.

नेट_दुरुस्ती_मिरज:
बाहेरनं तांबं नको, एका विजेत दोन्हीकडची पोर्टं उडतील. दोन गोदामांच्या मधे फायबर टाका, काचेतनं करंट जात नाही, फक्त आत लोखंडी तार नसलेलं घ्या. आणि पीओई स्विच केबिनमधल्या यूपीएसवर घ्या, लाइट गेली तरी वरचे दोन्ही डबे चालू राहतील. तो १८०० चा रिपीटर मात्र आधी उपसा, नाव एकच असंल तर फोन अजून त्यालाच चिकटत असतील.