जावयाने बोट घेतली आहे, मी बसू का?

दांडियाबाजारची_आजी:
जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे सिअ‍ॅटलला चाललोय. जावईबापूंनी सतरा फुटी जुनी मोटरबोट घेतलीये, पन्नास अश्वशक्तीचं इंजिन. रोज व्हिडिओ कॉलवर तेच, "आई, तुम्हाला लेक वॉशिंग्टन तलावावर फिरवतो." पोटात गोळा येतो हो. १८ जानेवारी २०२४ला आमच्या वडोदऱ्यात हरणी तलावात बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. त्यानंतरही एकदा दुसऱ्या एका तलावावर नातेवाइकांच्या आग्रहाने बसले, तर लाइफ जॅकेटचं बकल तुटलेलं. बोटवाला पोरगा म्हणतो, "बा, हाथथी पकडी राखजो." म्हणजे बुडताना मी हाताने जॅकेट धरून ठेवायचं!

तिथे लायसन लागतं का? नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला जॅकेट सक्तीचं आहे का? आणि साडीवर जॅकेट बसतं का? हसू नका.

रेंटनकर:
काकू, हसत नाही. इथे सिअ‍ॅटलकडे लायसन नाही, बोटर एज्युकेशन कार्ड असतं. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९५५ला किंवा नंतर जन्मलेल्याला १५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठं इंजिन चालवायचं तर ते हवंच. ऑनलाइन कोर्स, परीक्षा, कार्डाचे १० डॉलर, मग जन्मभर चालतं. जावयांना म्हणावं, कार्ड दाखवा.

एकोणीस फुटांखालच्या बोटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलाने चालत्या बोटीत जॅकेट अंगात घालायलाच लागतं. मोठ्यांसाठी माणशी एक, मापाचं, बोटीत असलं की कायदा खूश. पण तुम्ही घालाच. जूनमध्ये ऊन मस्त असतं, पाणी मात्र गार. अचानक पडलं की धाप लागते, पट्टीचा पोहणाराही पहिलं मिनिटभर गटांगळ्या खातो. त्या वेळी जॅकेट शोधत कोण बसणार?

आणि इंजिनपाशी लाल दोरी असेल, तिचं टोक जावयांच्या अंगाला अडकवलेलं आहे ना बघा. ते पडले की इंजिन बंद. २०२१पासून छोट्या बोटीत ही सोय असली तर दोरी अंगाला अडकवणं सक्तीचं आहे, तरी लोक ती स्टिअरिंगला गुंडाळून ठेवतात.

मांडवीचा_मन्या:
आजी, साडी नको. ओली साडी पायात गुंडाळते, पदर कुठेतरी अडकतो. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी. नातवाचं जॅकेट असं तपासा: बकलं लावा, खांदे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं झालं. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून वाढतं घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नाही.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. १९१७चा जुना जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. मोटरवाल्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. तिकीट काढण्याआधी विचारत चला. कपाळाला आठ्या पडतील, पडू देत.

दांडियाबाजारची_आजी:
फोन केला. जावईबापूंनी बोट आधी घेतली, कोर्स अजून "चालू" आहे! लेकीने चावी लपवली. आमचे हे १९५३चे, त्यांना कार्ड नको म्हटल्यावर इतके खूश, की "मीच चालवतो" म्हणतात. आयुष्यात लुनापलीकडे काही चालवलेलं नाही.

ह्यांची छाती चाळीस इंच भरली. पोट मोजू देत नाहीत. जॅकेट कशावरून घेतात?

रेंटनकर:
मोठ्यांचं छातीवरून, मुलांचं वजनावरून. काकांना सांगा, पोट सुटलं.