लॅव्हेंडर पावसात काळं पडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहते, गच्चीवर दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं. हिवाळ्यात नर्सरीतून लॅव्हेंडरचं रोप आणलं. उन्हाळा त्याने छान काढला, तुरेही आले. पाऊस लागल्यापासून मात्र खालची पानं काळी पडताहेत, एक फांदी बुडाशी मऊ लागते. प्लास्टिकची कुंडी; लाल माती, कोकोपीट आणि शेणखत. जात कोणती ते नर्सरीवाल्याला सांगता आलं नाही. पानांच्या कडा बारीक कातरलेल्या आहेत, चुरगळली की कापरासारखा वास येतो.

आईला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास अजिबात सोसत नाही. तिच्या साड्यांत ठेवायला या फुलांच्या पुरचुंड्या करायच्या आहेत, म्हणून जीव तुटतोय. रोप वाचेल का? आणि फुलं चहात चालतात का?

प्रतिसाद:

कातरलेली पानं म्हणजे बहुधा लॅव्हेंडुला डेंटाटा. पुण्यासाठी हीच बरी. तेलासाठी जम्मूकडे भदरवाहला लावतात ती अँगुस्टिफोलिया, तिला कडक थंडी लागते.

आधी कुंडी पावसातून हलवा, पण अंधाऱ्या कोपऱ्यात नको, उजेड आणि वारा हवाच. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, मुळं त्यानेच कुजतात. रोप काढून काळी, लिबलिबीत मुळं कापा. मऊ फांदी निरोगी भागापर्यंत छाटा. मातीच्या कुंडीत निम्मी माती, निम्मी भरड वाळू किंवा विटांचा चुरा घाला. शेणखत आता नकोच. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

आजच फुलं नसलेल्या शेंड्यांचे चार-पाच छाट ओलसर वाळूत लावून ठेवा. मूळ रोप गेलंच तरी जात हातात राहील. पुढे छाटणी करताना पानं नसलेल्या जून लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून सहसा फुटवा येत नाही.

चहात नको, डेंटाटात कापराचा अंश जास्त. कपाटासाठी उत्तम. तुऱ्यातली पहिली फुलं उमलली की दव सुकल्यावर कापा, जुड्या सावलीत उलट्या टांगा. आईंना आधी एकच पुरचुंडी देऊन बघा, हा वासही उग्रच असतो.

धागाकर्ती:

मनापासून आभार! मुळं पाहिली, बरीचशी पांढरी आहेत. काळी कापली. भरड वाळू म्हणजे बांधकामाची धुऊन घेतली तर चालेल ना?