मदत हवी आहे : रोमँटिक फँटसीवर आधारित मोहीम कशी चालवावी?

सांगलीत विश्रामबागेतील एका मित्राच्या घरी आम्ही काही जण रविवारी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळतो. आजवरच्या मोहिमा (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टी) राक्षस मारण्यात आणि खजिना लुटण्यातच संपल्या. आता मात्र रोमँटिक फँटसी कादंबऱ्यांत असते तशी, म्हणजे मनाने संवाद साधणारे प्राणी आणि तलवारीइतकेच निर्णायक ठरणारे प्रेम असलेली कथा, हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमासारख्या ठिकाणी रचावी, असा माझा विचार आहे. २००५ साली आलेला ‘ब्लू रोझ’ हा खेळ याच परंपरेवर उभा असून त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत पात्रांमधील नात्यांच्या तीव्रतेला आकडा दिलेला असतो, हे मला विशेष भावले.

अडचण येते ती प्रत्यक्ष खेळताना. कथेतल्या नावाडिणीने सरदाराला “पूर ओसरला की जाणारच ना तुम्ही?” असे विचारले, की सरदार झालेला खेळाडू हसतो आणि घाईघाईने फासा उचलतो. (समोर शाळेपासूनचा मित्र नावाडीण होऊन बोलत असेल, तर दुसरे काय होणार!) तेव्हा असे प्रसंग संवादातून खेळवावेत की निवेदनातून, आणि एखाद्याला हा भाग नकोच असेल तर ते आधी कसे विचारून घ्यावे, याबाबत अनुभवी गेम मास्टरांनी (खेळ चालवणाऱ्यांनी) कृपया मार्गदर्शन करावे.